हिवाळ्यातल्या फेरफटक्यात नदीचे फोटो: तयारीपासून परतीपर्यंतचा क्रम

नदीचे फोटो बिघडतात ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. काठावर पोहोचल्या पोहोचल्या ट्रायपॉड उघडला जातो, लेन्सवर फिल्टर चढतो आणि पाणी मऊ झालं की नाही ते स्क्रीनवर पाहिलं जातं. ऊन कुठून येतंय, फ्रेममध्ये नेमकं काय आहे, समोरचा काठ तिरका का दिसतोय, हे प्रश्न घरी मोठ्या स्क्रीनवर फोटो उघडल्यावर पडतात. तेव्हा वेळ गेलेली असते.

हा लेख उद्यानातल्या पायवाटेवरून, थंडीच्या दिवसांत, एकट्याला उचलता येईल एवढ्या सामानात नदी टिपण्याबद्दल आहे. क्रम असा: आधी उजेड, मग उभं राहायची जागा, मग फ्रेम, मग फोकस, मग एक्स्पोजर (फोटोत एकूण किती उजेड घ्यायचा ते) आणि शटरचा वेग (तो किती वेळ घ्यायचा ते). फिल्टर अगदी शेवटी. पायरी मागेपुढे झाली की आधीचं काम पुन्हा करावं लागतं. गडद फिल्टर चढवून फोकस करायला गेलात तर ते लगेच कळेल, कारण काहीच दिसणार नाही.

टप्पा १: आदल्या दिवशी घरी

सूर्य कुठे असेल ते आधी काढा. हिवाळ्यात तो दिवसभर खालून फिरतो. किती खालून, ते अक्षांशावर ठरतं. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, भर दुपारी, २० अक्षांशावर सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. ५० अक्षांशावर जेमतेम १६-१७ अंशांवर. म्हणजे विषुववृत्तापासून लांबच्या भागात दुपारीही लांब सावल्या आणि तिरपं ऊन मिळतं. जवळच्या भागात मात्र हिवाळा असला तरी दुपारचं ऊन कडकच असतं. तिथे सकाळचा पहिला दीड तास आणि संध्याकाळचा शेवटचा दीड तास, एवढाच खरा कामाचा.

दिशाही बघा. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य आग्नेयेला उगवतो, दुपारी दक्षिणेला असतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. समजा नदी पूर्व-पश्चिम वाहते. मग तिच्या उत्तर काठावर दिवसभर ऊन राहतं आणि दक्षिण काठ स्वतःच्याच झाडांच्या सावलीत जातो. दक्षिण काठावर उभं राहिलात तर समोर उजळलेला काठ आणि त्याचं स्वच्छ प्रतिबिंब मिळेल. उत्तर काठावर उभं राहिलात तर समोरून, झाडांमधून गाळून येणारं ऊन. दोन्हीतून चांगले फोटो निघतात, पण एकाच वेळी नाही. दक्षिण गोलार्धात हिवाळा जून ते ऑगस्ट असतो आणि हे सगळं उलट होतं.

सूर्योदयाच्या छापील वेळेवर विसंबू नका. नदी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली असते. समोर झाडांची रांग किंवा टेकाड असेल तर पाण्यावर ऊन पडायला अर्धा-पाऊण तास जास्त लागू शकतो.

धुकं हवं असेल तर तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: रात्री निरभ्र आकाश, वारा नाही, आणि हवा पाण्यापेक्षा बरीच थंड. तेव्हाच पहाटे पाण्यातून वाफ उठताना दिसते. आकाश ढगाळ असेल तर रात्री हवा पुरेशी गार होत नाही. वारा असेल तर वाफ टिकत नाही. हे धुकं उजाडताना सर्वांत दाट असतं आणि ऊन अंगावर आलं की झपाट्याने विरतं. म्हणून उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर असायला हवं. उद्यान किती वाजता उघडतं आणि आत ट्रायपॉड चालतो का, हे आधीच विचारून ठेवा.

नकाशावर फक्त तीन ठिकाणं निवडा. एक वळण, एक खळाळ किंवा बंधारा, आणि एक डोह किंवा पादचारी पूल. तीनपेक्षा जास्त ठिकाणं ठेवलीत की चालणंच होतं, फोटो राहून जातात.

सामान:
- कॅमेरा आणि एक रुंद-ते-मध्यम झूम (फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, २४-७० किंवा २४-१०५ मिमी). दुसरी लेन्स न्यायचीच असेल तर ७०-२०० घ्या, अतिरुंद नको.
- ट्रायपॉड. हलका चालेल, डुगडुगणारा नको.
- पोलरायझर (चमक काढणारा फिल्टर) आणि एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच). एनडी एकच घ्यायचा असेल तर ६ स्टॉपचा (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो).
- दोन जादा बॅटऱ्या, अंगालगतच्या खिशात.
- दोन-तीन मायक्रोफायबर फडकी. एक ओलं झालं की दुसरं लागतंच.
- हवाबंद झिप असलेली मोठी प्लास्टिकची पिशवी. तिचं काम परतताना आहे.
- डोक्याला लावायचा दिवा आणि पातळ आतले हातमोजे.

कॅमेऱ्याची सेटिंग घरीच करून ठेवा, कारण थंडीत बधिर बोटांनी मेनू चाळणं हा वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय आहे. रॉ फाइल (कॅमेऱ्याने न बदललेली मूळ नोंद) चालू, आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) 'डेलाइट', हायलाइटची (पांढऱ्याफट्ट झालेल्या भागांची) लुकलुकणारी सूचना चालू, २ सेकंदांचा टायमर. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा सावलीतला निळेपणा आणि उन्हातला पिवळेपणा दोन्ही पुसायला बघतो, आणि हिवाळ्याच्या सकाळचा रंग म्हणजे नेमके हेच दोन.

तपासा: कार्ड रिकामं आहे? ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्याला लावलेली आहे? ही प्लेट घरी टेबलावर राहणं ही फार प्रचलित चूक आहे.

टप्पा २: पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं कॅमेरा बाहेर काढायचा नाही

बॅग पाठीवरच ठेवून काठाने चाला आणि फक्त दोन गोष्टी बघा: उजेड कुठे पडलाय आणि पाणी कुठे कसं वाहतंय. कॅमेरा हातात असला की माणूस पहिल्या बऱ्या जागेवर थांबतो, आणि मग पुढच्या वळणावरची चांगली जागा उन्हं चढल्यावर सापडते.

काठ वाचायला शिका. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला जोरात वाहतं आणि तो काठ खालून पोखरतं. वरून गवत दिसतं, खाली माती नसते. आतल्या बाजूला ओघ मंद, पाणी उथळ, गाळ आणि गोटे साचलेले. उभं राहायचं ते आतल्या बाजूला. तिथून वळणाचा आकारही चांगला दिसतो, त्यामुळे सुरक्षितता आणि फोटो यांत तडजोड करावी लागत नाही.

इशारा: जिथे नदी गोठते तिथे बर्फावर पाय ठेवू नका, कितीही जाड वाटला तरी. वाहत्या पाण्यावरचा बर्फ सगळीकडे सारखा जाड नसतो. पुलाच्या खांबांजवळ, वळणाच्या बाहेरच्या बाजूला आणि झरा येऊन मिळतो तिथे तो पातळ असतो. जिथे बर्फ पडत नाही तिथेही शेवाळलेल्या खडकावर पहाटेचं दव बसलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

इशारा: वरच्या बाजूला धरण किंवा दरवाजांचा बंधारा असेल तर पाणी अचानक चढू शकतं. काठावरचा एक कोरडा दगड हेरून ठेवा आणि अधूनमधून त्याच्याकडे बघा. तो भिजला, पाणी गढूळलं, किंवा काटक्या-पानं एकाएकी जास्त वाहून येऊ लागली, तर सामान उचला आणि वर या. आवाज वाढण्याची वाट बघू नका.

टप्पा ३: किती उंचीवर उभं राहायचं

डोळ्याच्या उंचीवरून, काठावर ताठ उभं राहून काढलेल्या फोटोत नदी बहुतेक वेळा एक बारीक आडवी पट्टी होते. तिचं वळण दिसत नाही आणि तिच्यात काय प्रतिबिंबित झालंय तेही नीट दिसत नाही. उंची बदला.

वर गेलात, म्हणजे पुलावर किंवा चढावर, तर पात्राचा आकार उलगडतो. वळण, बेट, दोन ओघ एकत्र येण्याची जागा यांसाठी उंचीच हवी. खाली बसलात, कॅमेरा पाण्यापासून हात-दीड हातावर आणलात, तर पाणी आरसा होतं. तिरप्या नजरेला पाणी जास्त उजेड परावर्तित करतं, म्हणून प्रतिबिंब ठळक येतं आणि तळ दिसेनासा होतो. तळाचे गोटे दाखवायचे असतील तर उलट करा: वरून खाली बघा.

धुक्यासाठी सूर्य समोर किंवा समोरून बाजूला हवा. पाठीमागून ऊन घेतलेलं धुकं सपाट राखाडी दिसतं. समोरून ऊन आलं की त्याचे पदर वेगळे होतात. लेन्सवर थेट ऊन पडत असेल तर हूड लावा, तरीही पडलं तर हाताने आडोसा करा. सूर्य फ्रेममध्ये असताना ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून बघायच्या काचेतून) बघू नका. झाडाच्या खोडामागे तो अर्धा लपवलात तर काम सोपं होतं.

टप्पा ४: ट्रायपॉड

१. आधी हातात कॅमेरा धरून जागा आणि उंची पक्की करा, मग ट्रायपॉड त्या उंचीला आणा. उलट केलंत तर ट्रायपॉडची सोयीची उंची हीच तुमच्या सगळ्या फोटोंची उंची होते.
२. जाड भाग आधी उघडा, सर्वांत बारीक शेवटी. मधला दांडा वर काढू नका.
३. उतारावर एक पाय खाली नदीकडे, दोन पाय तुमच्याकडे.
४. गाळात किंवा वाळूत पाय दाबून बसवा आणि अर्धा मिनिट थांबा. गाळ हळूहळू खचतो; लगेच फोटो घेतलात तर १० सेकंदांत कॅमेरा एखादा मिलिमीटर खाली जातो आणि सगळंच किंचित धूसर येतं. हा धूसरपणा फोकसचा समजून लोक लेन्सला दोष देतात.
५. वाहत्या पाण्यात पाय ठेवायचाच असेल तर जाड भाग पाण्यात राहील असं बघा. बारीक नळी ओघात थरथरते.

बॅग मधल्या दांड्याला लटकवली तर ती जमिनीला किंचित टेकलेली असावी. अधांतरी लोंबणारी बॅग वाऱ्याने हलते आणि उपाय हाच उपद्रव होतो.

पादचारी पुलावर ट्रायपॉडचा उपयोग मर्यादित आहे. कुणी चाललं की पूल थरथरतो आणि ती थरथर पायांमधून वर येते. वर्दळ थांबेपर्यंत वाट बघा, नाहीतर तिथे १/२५० किंवा त्याहून जलद शटरने हातातच घ्या.

टप्पा ५: फ्रेम

आकाश कमी करा. हिवाळ्यात पांढुरक्या आकाशावर निष्पर्ण फांद्यांची जाळी येते आणि नजर तिथेच अडकते. आकाशात रंग किंवा ढग नसतील तर ते अजिबात न घेणंही चालतं. आकाश पाण्यात दिसतंच.

प्रतिबिंब घेत असाल तर पूर्ण घ्या. झाडाचा शेंडा वर फ्रेममध्ये आहे आणि पाण्यात तो खालच्या कडेला कापलाय, असं झालं की फोटो चुकून काढल्यासारखा वाटतो. काठाची रेषा बरोबर मध्ये ठेवू नये हा नियम इथे सोडून द्या. शांत डोहात ती मध्येच शोभते.

पुढच्या बाजूला काहीतरी हवं, पण एकच. एक ओला गोटा, गोठलेल्या दवाचं लव्हाळं, वाकलेली फांदी. पाच गोटे आले की कुठल्याकडे बघायचं ते कळत नाही.

कॅमेरा सरळ आहे का ते काठाच्या रेषेवरून ठरवू नका. समोरचा काठ तुमच्यापासून तिरका दूर जात असेल तर तो फोटोतही तिरका दिसतो, आणि तो बरोबरच असतो. तो आडवा करायला कॅमेरा वाकवला की झाडं पडू लागतात. खरी खूण प्रतिबिंबात आहे: कुठल्याही वस्तूचं प्रतिबिंब तिच्या बरोबर खाली, लंबरेषेत असतं. फ्रेमच्या मधोमध असलेलं एखादं खोड किंवा खांब निवडा आणि तो आणि त्याचं प्रतिबिंब एका उभ्या रेषेत आहेत का बघा. मधोमधचाच निवडा, कारण रुंद लेन्स खाली झुकवली की कडेच्या उभ्या रेषा तिरप्या होतात.

तपासा: चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. कचरा, कठड्याचा तुकडा, स्वतःची लांब सावली. हिवाळ्यात ऊन खालून येत असल्याने ही सावली फार लांबपर्यंत जाते.

टप्पा ६: फोकस

पाण्यावर ऑटोफोकस लावू नका. हलत्या, चमकत्या पृष्ठभागावर तो भटकतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. प्रतिबिंबाचं फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नसतं, ते मूळ वस्तूच्या अंतरावर असतं. दोन मीटरवर तरंगणारं पान आणि त्याच्याच शेजारी दिसणारं ४० मीटरवरच्या झाडाचं प्रतिबिंब, फोटोत दोन्ही चिकटून असली तरी लेन्सच्या दृष्टीने त्यांच्यात पुष्कळ अंतर आहे. दोन्ही स्पष्ट हवी असतील तर अॅपर्चर (लेन्समधलं छिद्र) लहान करा किंवा दोन वेगळे फोटो घेऊन नंतर जोडा.

रोजच्या कामासाठी: अॅपर्चर एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा, तितकं छिद्र लहान). फुल फ्रेमवर २४ मिमी आणि एफ/८ ला साधारण अडीच मीटरवर फोकस केलंत तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत स्वीकारार्ह स्पष्टता मिळते. लहान सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर १६ मिमी आणि एफ/८ ला हेच अंतर सुमारे १.६ मीटर. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका. त्यापलीकडे छिद्र इतकं लहान होतं की उजेडाच्या पसरण्यामुळे सगळंच मऊ येतं.

फोकस झालं की लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. हे विसरलात तर फिल्टर चढवल्यावर शटर दाबताच कॅमेरा पुन्हा फोकस शोधायला लागेल.

टप्पा ७: एक्स्पोजर

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. म्हणून बर्फ मळकट येतो, धुकं करडं येतं आणि सावलीतलं काळं पाणी विनाकारण उजळ होतं. कॅमेऱ्याने ठरवलेलं एक्स्पोजर किती स्टॉप वाढवायचं (+) किंवा कमी करायचं (−), ते सुरुवातीला एवढं लक्षात ठेवा:

- बर्फाने भरलेली फ्रेम: +१ ते +२
- दाट धुकं: +०.७ ते +१
- गडद डोह, सावलीतला काठ: −०.७ ते −१

मग हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) बघा. पहाटेच्या अंधारात स्क्रीन नेहमी खरी असते त्यापेक्षा उजळ वाटते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. आलेख उजव्या भिंतीला धडकत नसेल आणि बर्फाचा किंवा धुक्याचा डोंगर उजव्या बाजूला झुकलेला असेल तर ठीक.

पाण्यावर उन्हाचे जे चमचमते ठिपके असतात ते पांढरेफट्ट होऊ द्या. ते वाचवायला गेलात तर बाकी सगळी नदी अंधारात जाते.

प्रतिबिंब मूळ दृश्यापेक्षा गडद असतं. अर्धवट गडद ग्रॅज्युएटेड फिल्टरने किंवा नंतर संगणकावर आकाश इतकं खाली आणू नका की पाणी आकाशापेक्षा उजळ दिसेल. कारण सांगता आलं नाही तरी बघणाऱ्याला ते खटकतं.

टप्पा ८: पाण्याचा वेग आणि शटर

इथे सर्वांत जास्त फोटो वाया जातात. 'नदीसाठी शटर किती?' या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण फोटोतली रेघ किती लांब येईल हे पाण्याचा वेग, तुमचं अंतर आणि लेन्स या तिन्हींवर ठरतं. पण मोजायची सोपी रीत आहे.

१. फ्रेम पक्की झाल्यावर पाण्यावरचा एखादा बुडबुडा, फेसाचा पुंजका किंवा पान हेरा.
२. ते फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजा.
३. त्या वेळेचा दहावा भाग म्हणजे तुमचं पहिलं शटर. पाच सेकंद लागत असतील तर अर्धा सेकंद. त्यात प्रत्येक बुडबुड्याची रेघ फ्रेमच्या एक-दशांश लांबीची येते: ओघ दिसतो आणि पाण्याचा पोतही राहतो.
४. मग दुप्पट आणि निम्मं, असे आणखी दोन फोटो घ्या. अर्ध्या सेकंदासोबत एक सेकंद आणि पाव सेकंद.

तिन्ही घरी न्या. छोट्या स्क्रीनवर यातला बरा कोणता ते ठरत नाही.

शिंतोडे थिजवायचे असतील, बंधाऱ्यावरून उडणारे थेंब मोजता यावेत असं वाटत असेल, तर १/१००० किंवा त्याहून जलद. त्यासाठी आयएसओ ८०० पर्यंत वाढवायला कचरू नका. १/३० ते १/८ हा पट्टा खळाळावर सहसा टाळा. त्यात पाणी थिजतही नाही आणि वाहतही नाही, नुसतं हललेलं दिसतं.

३० सेकंदांचं दुधाळ पाणी सरसकट वापरण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. खळाळावर ते लावलं की पाण्याचा पोत जातो आणि खडकांमध्ये पांढरा कापूस उरतो. जिथे वाऱ्याने बारीक लाटा उठून प्रतिबिंब मोडलंय अशा रुंद, मंद पाण्यावर मात्र तेच ३० सेकंद उपयोगी पडतात: लाटांची सरासरी होऊन रंगाचे मोठे पट्टे परत मिळतात. भोवऱ्यावर फेस किंवा पानं फिरत असतील तर ८ ते १५ सेकंदांत वर्तुळं उमटतात; फेसच नसेल तर कितीही वेळ दिलात तरी काही उमटत नाही.

धुक्याला वेगळा हिशोब. त्याचे आकार टिकवायचे तर १/६० च्या आसपास. एक-दोन सेकंद दिलेत की पदर मिटून एकसलग थर होतो.

झाडांना पानं नसल्याने हिवाळ्यात लांब एक्स्पोजर सोपं जातं. पण काठावरचं वाळलं गवत हलतं. तेव्हा ट्रायपॉड न हलवता दोन फोटो घ्या, एक गवतासाठी १/१२५ वर आयएसओ वाढवून, एक पाण्यासाठी हव्या त्या वेगाने, आणि नंतर एकत्र करा.

टप्पा ९: आता फिल्टर

आधी पोलरायझर. तो पाण्यावरची चमक काढतो, पण कुठल्याही कोनातून नाही. पाण्याकडे साधारण ३५ ते ४० अंश खाली बघत असाल तिथे त्याचा परिणाम सर्वांत जास्त असतो. दूरवरच्या पाण्यावर नजर जवळजवळ सपाट जाते, तिथे तो फारसं काही करत नाही. कडी फिरवताना स्क्रीनवर एकाच जागी, ओल्या दगडावर, नजर ठेवा. दगडाची चमक गेली आणि रंग आला की थांबा. पाण्यावरची सगळी चमक काढू नका. आकाशाचा उजेड पूर्ण गेला तर नदीच्या जागी काळा खड्डा दिसतो. प्रतिबिंबाचाच फोटो असेल तर पोलरायझर काढूनच ठेवा.

कडी नेहमी घट्ट होण्याच्या दिशेने फिरवा, नाहीतर फिल्टर सुटून पाण्यात जातो. आणि कॅमेरा आडव्याचा उभा केला की कोन पुन्हा लावा.

पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. पहाटे एवढ्यानेच अर्धा सेकंद मिळून जातो आणि एनडीची गरज पडत नाही. पडलीच, तर पोलरायझर लावलेल्या स्थितीतलं शटर बघून हिशोब करा:

- १/१२५ → ३ स्टॉप: १/१५, ६ स्टॉप: १/२ सेकंद, १० स्टॉप: ८ सेकंद
- १/३० → ३ स्टॉप: १/४, ६ स्टॉप: २ सेकंद, १० स्टॉप: ३० सेकंद
- १/८ → ३ स्टॉप: १ सेकंद, ६ स्टॉप: ८ सेकंद, १० स्टॉप: सुमारे २ मिनिटं

एनडी चढवण्याआधी कॅमेरा मॅन्युअलवर टाका आणि अॅपर्चर, आयएसओ कायम करा. फिल्टर हलक्या हाताने बसवा. थंडीत धातूच्या कड्या एकमेकींना धरून बसतात, आणि करकचून आवळलेला फिल्टर तिथे काठावर निघत नाही. आरसा असलेला डीएसएलआर असेल तर काही सेकंदांच्या एक्स्पोजरला मागची आयपीस (डोळा लावायची काच) झाका. तिथून शिरलेला उजेड फोटोवर फिकट डाग टाकतो.

टप्पा १०: शटर दाबणं आणि लगेचची तपासणी

ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) बंद करा, निदान जुन्या लेन्सचं तरी. टायमर किंवा रिमोट वापरा. शटर उघडं असताना चालू नका, लाकडी फळ्यांवर तर मुळीच नाही.

मागे बघताना कॅमेऱ्यावर श्वास सोडू नका. थंड काचेवर तो तत्काळ बसतो आणि तासाभराचे फोटो धूसर होतात. समोरच्या काचेवर दवही जमतं, विशेषतः निरभ्र आकाशाखाली. दर काही फोटोंनंतर दिवा तिरपा धरून काच बघा.

प्रत्येक जागी एवढं तपासा: स्थिर वस्तूवर, दगड किंवा खोडावर, पूर्ण झूम करून स्पष्टता. हिस्टोग्राम. काचेवर शिंतोडे. हे तीन ठीक असतील तरच जागा सोडा.

बॅटरी एकाएकी लाल झाली तर ती फेकायच्या लायकीची झाली असं समजू नका. बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंश सेल्सिअससाठी बनवलेले असतात आणि थंडीत लिथियम-आयन बॅटरी कमी विद्युत देते. ती आतल्या खिशात ठेवा, गरम झालेली दुसरी घाला. पहिली थोड्या वेळाने पुन्हा काही फोटो देते.

फक्त मोबाइल असेल तर

क्रम तोच. काच पुसा, कारण खिशातल्या मोबाइलच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा हमखास असतो आणि समोरच्या उन्हात त्याचा धूर दिसतो. मोबाइल कठड्याला किंवा दगडाला टेकवा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग बर्फासाठी थोडं वर, पाण्यासाठी थोडं खाली सरकवा. प्रो मोड असेल तर सावलीत किंवा पहाटे १/४ सेकंद मिळू शकतो. आयफोनवर लाइव्ह फोटो घेऊन नंतर 'लाँग एक्स्पोजर' परिणाम लावता येतो. तेवढा वेळ हात स्थिर हवा. डिजिटल झूम टाळा, चालत जवळ जा.

टप्पा ११: परतताना

थंड कॅमेरा उबदार खोलीत उघडा ठेवला की हवेतली वाफ त्याच्यावर, आणि वाईट म्हणजे त्याच्या आत, पाणी होऊन बसते. म्हणून बाहेरच, थंडीत असतानाच:

१. कार्ड आणि बॅटरी काढून खिशात घ्या. फोटो बघायची घाई असतेच; कार्ड बाहेर असलं की बॅग उघडायचा मोह होत नाही.
२. कॅमेरा आणि लेन्स झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा. पाणी जमलं तर ते पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमेल.
३. पिशवी बॅगेत, बॅग खोलीत. एक-दोन तास उघडू नका. बाहेर कडाक्याची थंडी असेल तर तीन.

ओले झालेले फिल्टर वेगळे पुसून ठेवा. डबीत ओलेच बंद केले तर डाग पडतात. ट्रायपॉड पाण्यात उतरवला असेल तर त्याच दिवशी पायांचे सगळे भाग पूर्ण उघडा, साध्या पाण्याने गाळ धुवा आणि उघडेच, डोकं वर करून वाळू द्या. गाळाचे कण लॉकमध्ये राहिले तर पुढच्या वेळी पाय आवळला जातो पण धरत नाही, आणि ते कॅमेरा चढवल्यावरच समजतं.